मंचुरियात ‘मंचुरियन’ मिळत नाही!

संध्याकाळचे सहा-साडेसहा वाजले की एसटी स्टँडबाहेर, कॉलेजच्या कोपऱ्यावर लाल गाड्या लागतात. बोर्डावर एक फुत्कारणारा ड्रॅगन आणि त्याच्या शेपटीखाली यादी - हक्का नूडल्स, शेजवान राइस, व्हेज मंचुरियन. पोरांना ही यादी पाढ्यांपेक्षा चांगली पाठ असते. आता तर वाढदिवसाला, बारशाला, लग्नातसुद्धा ‘चायनीजचा स्टॉल’ लागतोच. पण मैत्रिणींनो, हे तीन शब्द मुळात कशाचे, असा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? हक्का हे माणसांच्या एका समाजाचं नाव आहे. शेजवान म्हणजे सिचुआन, चीनच्या नैर्ऋत्येचा, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेला प्रांत. आणि मंचुरिया म्हणजे रशिया-कोरियाला लागून असलेला ईशान्येकडचा मुलूख, जिथे हिवाळ्यात नद्या गोठून त्यांच्यावरून गाड्या चालतात. या तिघांमधलं अंतर काश्मीर, कोकण आणि मणिपूर यांच्यात असावं तसं. आणि गंमत अशी, की गाडीवर मिळतात ते पदार्थ या तिन्ही ठिकाणी कुणाच्या घरात शिजत नाहीत.

मग तिथे शिजतं तरी काय? एखाद्या परदेशी बाईने आपल्याला विचारलं, ‘तुमच्याकडे इंडियन भाजी कशी करतात हो?’ तर आपण काय सांगणार? खानदेशातलं वांग्याचं भरीत, की मालवणातली काळ्या वाटाण्याची उसळ, की वऱ्हाडातला झुणका? चीन तर आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट. क्षेत्रफळ ९६ लाख चौरस किलोमीटर. एका टोकाला वाळवंट, दुसऱ्या टोकाला समुद्र, वर बर्फ, खाली केळी आणि लिची. एवढ्या मोठ्या देशात ‘चायनीज’ नावाचा एकच पदार्थ किंवा एकच चव असेल, हे शक्यच नाही. ज्या मातीत जे पिकतं, जेवढं सरपण मिळतं, जेवढं मीठ परवडतं, त्यातून तिथल्या बाईने आपली चूल चालवली.

आपल्याकडे घाट उतरला की भात आणि घाट चढला की भाकरी, हे आपण लहानपणापासून बघतो. चीनच्याही मधोमध अशीच एक रेघ आहे. पश्चिमेला छिनलिंग डोंगररांग आणि पूर्वेला ह्वाई नदी, या दोन्हींना जोडणारी. या रेघेच्या आसपास वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. दक्षिणेला त्याहून जास्त, उत्तरेला कमी. म्हणून दक्षिणेत चिखलणीची भातशेती, आणि उत्तरेत गहू, राळा, वरी, ज्वारी. दक्षिणेतल्या माणसाला भात मिळाला नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही, उत्तरेतल्या माणसाला भाताने पोट भरत नाही. कुठे ऐकल्यासारखं वाटतंय ना?

त्यांच्या भाषेत जेवणाचे दोन भाग. भात, नूडल्स, पाव जे काही मुख्य धान्य असेल ते ‘फान’. आणि भाज्या, मासे, मटण हे सगळं ‘त्साय’, म्हणजे चक्क आपलं तोंडीलावणं. गरिबाच्या घरी फान भरपूर आणि त्साय चिमूटभर, श्रीमंताच्या घरी उलट. आपल्या गाडीवर मात्र फान आणि त्साय एकाच कढईत घालून एकजीव करतात.

उत्तरेकडचं सगळ्यात जुनं धान्य गहू नव्हे, तो पश्चिमेकडून नंतर आला. तिथलं मूळ धान्य म्हणजे राळा आणि वरी. पीत नदीच्या वरच्या अंगाला लाजिया नावाची जागा आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ते गाव भूकंप आणि पुरात गाडलं गेलं. तिथे उत्खननात एक उपडा पडलेला मातीचा वाडगा सापडला आणि त्याखाली चक्क शेवया! जगातल्या सगळ्यात जुन्या नूडल्स म्हणून २००५ मध्ये त्याची बातमी जगभर झाली. तपासणीत त्या राळा-वरीच्या पिठाच्या असल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं, मागून त्यावर वादही झाले. माझ्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. त्याच गावात एका घरात बाईचा सांगाडा सापडला, मुलाला पोटाशी कवटाळलेला. कुणास ठाऊक, तिच्याही चुलीवर त्या दिवशी काय चढवलेलं असेल. राळा आपल्याकडेही होता हो. आजीच्या तोंडी राळ्याचा भात होता. आपण तो सोडला, आणि आता शहरातल्या मॉलमधून ‘मिलेट’ म्हणून चौपट भावाने आणतो.

उत्तरेतल्या खाण्यात गव्हाच्या पिठाचे किती प्रकार! वाफवलेला बिनमिठाचा पाव, हाताने ओढून ओढून सुतासारख्या केलेल्या नूडल्स, शान्शी प्रांतात तर पिठाचा गोळा एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या सुरीने उकळत्या पाण्यात सपासप पातळ साली उडवतात. याच शान्शीचा व्हिनेगर प्रसिद्ध आहे, आणि तो ज्वारीपासून करतात. उन्हाळ्यात रांजण उन्हात ठेवायचे, हिवाळ्यात वर जमलेला बर्फ काढून टाकायचा. पाणी कमी होत जातं, आंबटपणा दाट होत जातो. वर्षानुवर्षं मुरलेला तो काळसर आंबट रस तिथल्या घरात आपल्या कोकम-चिंचेच्या जागी. शिआन शहरात गेलात तर मटणाचा रस्सा आणि कडक रोटी समोर येते. ती रोटी आपल्या हाताने अगदी बारीक कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि वर रस्सा ओतून परत येतो. तुकडे मोठे ठेवले तर जुनी गिऱ्हाइकं हसतात. आपल्याकडे तांबडा रस्सा आणि भाकरीचा काला ज्याने खाल्लाय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि नववर्षाच्या आदल्या रात्री उत्तरेत घरोघरी सगळे मिळून ‘जिआओत्झ’ करतात. एकजण पोळ्या लाटतो, दुसरी सारण भरते, तिसरी मुरड घालते. दिसायला हुबेहूब आपली करंजी, फक्त तळायच्या ऐवजी पाण्यात उकडायची. एखादीत नाणं लपवतात, ते ज्याच्या दाताखाली येईल त्याचं वर्ष भाग्याचं. दक्षिणेत गहूच नाही, तर करंजी कुठून येणार? तिथे त्याच दिवशी चिकट तांदळाच्या पिठाची गोड वडी. सण एकच, पण शेतात काय पिकलं त्यावर ताट ठरतं.

आता मंचुरिया. तिथल्या हिवाळ्यात रात्रीचं तापमान सहज उणे वीसच्या खाली जातं. पाच महिने हिरवं पान दिसत नाही. मग बायका काय करतात? हिवाळा तोंडावर आला की कोबीचे लांबट गड्डे आणून, मीठ घालून, कमरेएवढ्या रांजणात रचतात आणि वर मोठा धोंडा ठेवतात. महिन्याभरात कोबी आंबतो. तो आंबट कोबी, डुकराचं मांस आणि रताळ्याच्या पिठाच्या काचेसारख्या शेवया यांचा रटरटणारा रस्सा, ही त्यांची थंडीची भाजी. सोबत पूर्वी ज्वारीचा भात असे. ज्वारीला ते ‘गाओलियांग’ म्हणतात, म्हणजे ‘उंच धान्य’. तिथल्या मातीच्या घरांत झोपायचा ओटा विटांचा असतो आणि तो चुलीला जोडलेला. चुलीचा धूर आणि ऊब ओट्याच्या पोटातून फिरून मग धुराड्यातून बाहेर पडते. स्वयंपाक झाला की अंथरूण गरम! तिथे चटकन परतून उरकायचा स्वयंपाक करून भागणार नाही. तासन्‌तास मंद शिजणारं कालवणच हवं, कारण त्याच जाळावर पोरांची रात्र निघायची. या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुष्काळ आणि पुराला कंटाळलेले शेजारच्या शान्डोंगमधले लाखो लोक पोटासाठी गेले. जाताना धान्याच्या पिठाची मोठी धिरडी, पात कांदा आणि लसणीची आवड घेऊन गेले.

आणि आपलं मंचुरियन? ते जन्मलं मुंबईत! १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या स्वयंपाक्याने गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून काहीतरी नवं म्हणून आलं, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणला आणि कोंबडीचे तुकडे त्यात सोडले, असं सांगितलं जातं. पुढे कोंबडीची जागा आपल्या कोबी-गाजराच्या भज्यांनी घेतली. म्हणजे मंचुरियन हा महाराष्ट्रीय पदार्थ म्हणायला हरकत नाही. आवडीने खावा, मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. फक्त मंचुरियातल्या बाईला त्याचं नाव सांगून बुचकळ्यात टाकू नये.

सरपणाचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. चीनच्या दाट वस्तीच्या मैदानांत जंगलं फार पूर्वीच तुटली. चुलीला काय घालायचं तर भाताचा पेंढा, गव्हाची काडं, ज्वारीची ताटं. हा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. मग भाजी-मांस आधीच इतकं बारीक चिरून ठेवायचं, की कढईत पडल्या पडल्या दोन मिनिटांत शिजावं. पातळ लोखंडी, खोलगट कढई लवकर तापते. ‘चायनीज’ म्हणजे मोठ्या जाळावर खडखड परतणं असं आपल्याला वाटतं, ती पद्धत पसरली त्यामागे ही सरपणाची टंचाई होती, असं अनेक अभ्यासक सांगतात. चिरणं इतकं महत्त्वाचं, की आपली जशी विळी, तशी त्यांची ती रुंद पात्याची एकच सुरी. त्यानेच लसूण ठेचायची, त्यानेच मासा साफ करायचा, त्याच्याच पात्यावर चिरलेलं उचलून कढईत टाकायचं. आणि खालच्या भांड्यात भात शिजत असताना वर बांबूच्या टोपल्यांत मासा, अंडं, भाजी वाफवायची. एका जाळावर चार पदार्थ. कुकरमध्ये वरण, भात, बटाटे एकदम लावणाऱ्या आपल्याला यात नवल ते काय!

आता वळू शेजवानकडे, म्हणजे सिचुआनकडे. हा प्रांत एखाद्या खोलगट परातीसारखा आहे. भोवती डोंगर, आत ढग आणि दमट हवा. ऊन इतकं दुर्मीळ, की सूर्य दिसला तर सिचुआनची कुत्री त्याच्यावर भुंकतात, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. जमीन मात्र सोन्यासारखी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने मिन नदीचं पाणी फोडून वळवलं, ते दूच्यांगयानचं पाटबंधाऱ्याचं काम आजही शेतं भिजवतं. जमिनीच्या पोटात खारं पाणीही आहे. त्झकोंग गावात बांबूच्या आणि लोखंडाच्या अवजारांनी विहिरी खणून ते वर काढत आणि त्याच जमिनीतून निघणाऱ्या वायूवर उकळून मीठ करत. तिथली एक विहीर १८३५ मध्ये १००१ मीटर खोल गेली होती. मीठ हाताशी, म्हणून घरोघरी लोणच्याचे रांजण.

पण शेजारच्या ग्वेजो प्रांतात मीठ नव्हतं. डोंगराळ, गरीब मुलूख. मीठ यायचं सिचुआनहून होडीतून आणि माणसांच्या पाठीवरून, त्यामुळे गरिबाला ते परवडायचं नाही. अळणी भात घशाखाली उतरणार कसा? १७२० च्या दशकातल्या तिथल्या एका सरकारी नोंदीत लिहिलंय, की इथले आदिवासी लोक मिठाऐवजी मिरची वापरतात. मिरची! जी मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आपल्याकडे गोव्यात आणली आणि साधारण त्याच काळात समुद्रमार्गे चीनलाही पोचली. चिनी ग्रंथात तिचा पहिला उल्लेख १५९१ चा, तोही बागेतलं शोभेचं झाड म्हणून. श्रीमंतांनी ती कुंडीत लावली, गरिबांनी ती ताटात घेतली. परसात कुठेही उगवणारी, वाळवून वर्षभर टिकणारी, एका चिमटीत वाडगाभर अन्नाला चव देणारी. सिचुआनमध्ये सतराव्या शतकातल्या लढायांनी गावंच्या गावं ओस पडली होती, तेव्हा शेजारच्या प्रांतांतून माणसं आणून वसवली गेली. त्या फिरस्त्या गरीब माणसांच्या संसारात मिरची रुजत गेली आणि एकोणिसाव्या शतकात सिचुआनच्या स्वयंपाकाची ओळख होऊन बसली. आज मोठमोठ्या हॉटेलांत ज्या तिखटाची तारीफ होते, ते मीठ न परवडणाऱ्यांचं तिखट आहे. मिरची-भाकर खाऊन दिवस काढलेल्या आपल्या बायांना हे पटकन कळेल.

मिरचीआधी सिचुआनच्या जिभेला झणका द्यायचा तो आल्याने आणि ‘ह्वाज्याव’ने. हे ह्वाज्याव म्हणजे कोण? आपल्या कोकणातल्या तिरफळाची चुलत बहीण! वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच प्रजातीत येतात. बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडलं की जिभेला कशा मुंग्या येतात, तेच हे. सिचुआनी लोक त्या बधिरपणाला ‘मा’ म्हणतात, तिखटाला ‘ला’ आणि दोन्ही मिळून ‘मा-ला’. गंमत म्हणजे आपल्या गाडीवरच्या शेजवान चटणीत लाल मिरची असते, लसूण असते, व्हिनेगर असतो, पण हे तिरफळ कुठेच नसतं. ज्या कोकणात ते झाडावर लगडतं, तिथल्या गाडीवरही नाही.

सिचुआनच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे वालासारख्या मोठ्या दाण्यांचं आणि मिरच्यांचं आंबवलेलं वाटण. चेंगडू शहराजवळच्या पीशियान भागातलं ते नावाजलेलं. रांजण उघड्यावर ओळीने मांडतात. दिवसा ढवळून ऊन दाखवायचं, रात्री उघडं ठेवून दव पडू द्यायचं आणि पावसाचा थेंब आला की धावत जाऊन झाकणं घालायची. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया-पापड घालून आभाळाकडे डोळे लावून बसणारीला हा जीवाचा आटापिटा ओळखीचा वाटेल.

या वाटणातूनच ‘मापो तोफू’ होतं. १८६२ च्या सुमारास चेंगडूत एका पुलाजवळ चेन आडनावाच्या माणसाची खाणावळ होती. स्वयंपाक करायची त्याची बायको. तेलाचे बुधले वाहणारे हमाल तिथे टेकायचे, आपल्याजवळचं तेल आणि थोडं मांस तिच्या हाती द्यायचे आणि ती त्यात सोयाबीनच्या पनीरचे तुकडे टाकून झणझणीत कालवण करून द्यायची, अशी गोष्ट तिथे सांगतात. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते. ‘मा’ म्हणजे व्रण, ‘पो’ म्हणजे म्हातारी. व्रणवाल्या म्हातारीचं तोफू. न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत ते आज मेनूकार्डावर आहे. आडनाव नवऱ्याचं, टोपणनाव चेहऱ्यावरच्या डागांचं. तिचं स्वतःचं नाव कुणीच मेनूकार्डावर लिहीत नाही. तसंच चोंगछिंग शहरातलं ते शेगडीवर उकळतं तिखट पातेलं. आता घराघरांतली मंडळी भोवती बसून चवीने खातात, पण ते मूळचं नदीकाठच्या नावाड्यांचं आणि हमालांचं. वजडी-आतडी स्वस्तात मिळायची, त्यांचा उग्र वास मारायला मिरची आणि तिरफळ.

पण इतक्या सुपीक सिचुआनमध्येही चुली विझल्या होत्या. १९५८ मध्ये सरकारने गावोगावी सामुदायिक भोजनगृहं काढली. घरातला स्वयंपाक बंद, धान्य सरकारजमा आणि लोखंड गाळायच्या मोहिमेत कित्येक घरांतल्या कढयासुद्धा भट्टीत गेल्या. पुढच्या तीन वर्षांत देशभर जो दुष्काळ पडला त्यात काही कोटी माणसं मेली आणि सिचुआनमध्ये मृत्यूंचा आकडा फार मोठा होता. निसर्गापेक्षा धोरणांनी घडवलेला हा दुष्काळ. चिनी लोक भेटल्यावर एकमेकांना ‘जेवलात का?’ असं विचारत आले आहेत. आपल्याकडेही ‘जेवण झालं का?’ असं सहज विचारतात. ज्या पिढीने ती वर्षं काढली, तिच्या कानाला तो प्रश्न नुसता औपचारिक वाटत नसणार.

उरले हक्का. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पाहुणे’. शतकानुशतकं उत्तरेतून दक्षिणेकडे सरकत आलेले हे लोक. तोवर दक्षिणेतली सपाट, पाण्याखालची जमीन इतरांनी घेतलेली, म्हणून यांच्या वाट्याला ग्वांगडोंग, फूजियान, ज्यांगशीच्या सीमेवरचे डोंगर आले. पुरुष मजुरीला, व्यापाराला दूरदेशी. डोंगरउतारावरची शेती, लाकूडफाटा, जनावरं सगळं बायकांवर. ज्या काळात चीनमधल्या भल्याभल्या घरांत मुलींचे पाय बांधून पंजे मोडून लहान केले जायचे, त्या काळात हक्का बायकांनी ती चाल स्वीकारली नाही. बांधलेल्या पायांनी डोंगर कसा चढणार? त्यांचं खाणंही तसंच, घाम गाळणाऱ्यांचं. खारट, कारण घामावाटे मीठ जातं. टिकाऊ, कारण बाजार लांब. मोहरीचा पाला मीठ लावून, वाळवून, पुन्हा वाफवून काळा करायचा आणि चरबीच्या मांसाबरोबर शिजवायचा. उत्तरेत करंज्या करायची सवय, पण डोंगरात गहू नाही, म्हणून सोयाबीनच्या पनीरच्या चौकोनात खळगा करून त्यातच मांसाचं सारण भरायला लागले, अशी त्यांच्याकडची कहाणी. चहाची पानं, तीळ, शेंगदाणे खलात कुटून वर गरम पाणी ओतायचं, की झाली न्याहारी. मुख्य जेवण मात्र भात. ‘हक्का नूडल्स’ हे नाव आलं ते कोलकात्याहून.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी लोक कोलकात्यात येत गेले, त्यात हक्का पुष्कळ होते. चामडं कमावणं आणि चपला-बूट शिवणं ही कामं त्यांनी धरली, कारण आपल्याकडचे ‘वरचे’ लोक त्याला हात लावत नव्हते. तांग्रा भागात त्यांचे कारखाने आणि त्याच अंगणात खानावळी. आपल्या चवीला रुचेल असं हिरवी मिरची, लसूण घालून केलेलं खाणं तिथून देशभर पसरलं. आणि १९६२ चं युद्ध झालं तेव्हा याच समाजातली सुमारे ३००० माणसं, बायका-मुलांसकट, केवळ चिनी वंशाची म्हणून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबली गेली. काहींनी वर्षं काढली तिथे. सुटल्यावर अनेकजण देश सोडून गेले. गाडीवरच्या पहिल्या शब्दामागे एवढं सगळं आहे.

बाकी चीनचं खाणं एका लेखात बसणारं नाही. शांघायच्या आसपासचा मुलूख तळी आणि कालव्यांचा, म्हणून त्याला ‘मासे आणि भाताची भूमी’ म्हणतात. तिथल्या जेवणात चक्क साखर सढळ पडते. तिथल्या शाओशिंग गावात चिकट तांदळाची दारू करतात. मुलगी जन्मली की बाप तिचे रांजण जमिनीत पुरायचा आणि तिच्या लग्नात उकरून काढायचा, अशी जुनी रीत. पार पश्चिमेला शिंजियांगच्या वाळवंटात उइगुर लोकांच्या घरी नानच आणि भट्टीचं नाव तोनुर. आपल्या तंदूरचंच भावंडं. तिथली द्राक्षं भोकाभोकांच्या मातीच्या खोल्यांत टांगून गरम वाऱ्यावर वाळवतात; तासगावच्या बेदाणावाल्यांनी बघावं असं. आणि तिबेटच्या पठारावर तर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, धान्य नीट शिजतच नाही. म्हणून ते जव आधी भाजून, दळून त्याचं पीठ चहात कालवून खातात. आपलं सातूचं पीठच की ते.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मात्र बाळंतिणीचं ताट. चीनमध्ये बाळंतिणीने ‘महिना बसायचा’ असतो. गार पाणी नाही, वारा नाही, केस धुवायचे नाहीत. आपल्या सव्वा महिन्यासारखंच. पदार्थांचे उष्ण आणि थंड असे गुणही आपल्यासारखेच मानतात. खेकडा थंड म्हणून त्याबरोबर आलं हवंच. बाळंतीण थंड पडलेली, तिला उष्ण द्यायचं, हा विचार देशभर एक. पण द्यायचं काय, ते पुन्हा जमीन ठरवते. उत्तरेत राळ्याची पेज, त्यात लाल साखर आणि उकडलेली अंडी. शांघायकडे तळ्यातल्या माशाचं पांढरं सूप, दूध यावं म्हणून. कँटनमध्ये गोडसर काळ्या व्हिनेगरमध्ये किलोंनी आलं, डुकराचे पाय आणि अंडी घालून मातीच्या भांड्यात शिजवत, मुरवत ठेवतात, आणि बाळ बघायला येणाऱ्यालाही त्यातलं वाढतात. आपल्या डिंकाच्या लाडवाच्या डब्यासारखं.

यातली सगळी पथ्यं चांगलीच असं मी म्हणणार नाही. भाज्या-फळं बंद, पाणी कमी, ही पथ्यं तिथेही आहेत आणि इथेही, आणि डॉक्टर दोन्हीकडे समजावून थकले. वस्त्यांमध्ये काम करताना मी पाहते, अळीव-खारीक आणायची ऐपत नसली की पथ्यं तेवढी पाळली जातात आणि पौष्टिक मात्र राहून जातं. हक्कांच्या डोंगरात सून गरोदर आहे असं कळलं, की सासू चिकट तांदूळ वाफवून, त्यात यीस्टची गोळी चुरून रांजणात आंबायला ठेवायची. बाळंतपणानंतर त्या तांदळाच्या दारूत भरपूर आलं घालून कोंबडी शिजायची. कोंबड्या आधीच मोजून वाढवलेल्या असायच्या. एरवी जिच्या ताटात भात आणि खारा पाला, जी नवव्या महिन्यापर्यंत उतारावर कुदळ चालवत होती, तिला त्या महिन्यात रोज त्या भांड्यातलं पहिलं वाढायचे.